घरची चाचणी : सोय खरी, निदान नव्हे

एच.आय.व्ही.ची तपासणी करावी असे अनेकांना वाटते. पण रुग्णालयात कुणी ओळखीचे भेटेल, या भीतीने पाऊल अडते. अशांना घरच्या घरी करावयाची प्रतिपिंड चाचणी सोयीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली तिची शिफारस केली. हिरड्यांवरून पट्टी फिरवायची, वीस मिनिटे थांबायचे. मात्र दोन रेघा म्हणजे निदान नव्हे. प्रतिपिंडे तयार होण्यास तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणून एकच रेघ आली तरी निर्धास्त राहू नये. आमच्या मते, अशा चाचणीमागे समुपदेशकाचा आधार हवाच. अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात खात्रीची तपासणी मोफत होते. २०१७ च्या कायद्याने गुप्तताही बंधनकारक आहे. शंका असल्यास १०९७ वर विचारावे. भीती मनात बाळगण्यापेक्षा खात्री करून घेणे केव्हाही श्रेयस्कर!