कातडं थांबत नाही

समजा, डोंगरकड्याजवळ नांदेड-हिंगोली रस्त्यावर गाडीच्या धडकेत एखादं काळवीट मेलं. पुढचं सहसा ठरलेलं: पंचनामा, शवविच्छेदन, मग जाळून विल्हेवाट. कातड्याची चोरी होऊ नये म्हणून हे ठीकच. पण दरवेळी सगळंच जाळायचं का? तेच काळवीट टॅक्सिडर्मी करून जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात उभं राहू शकतं.

कौशल्य आपल्या राज्यात आहे. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. संतोष गायकवाड यांच्या प्रयत्नांतून २००९ मध्ये बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात टॅक्सिडर्मी केंद्र सुरू झालं. प्राण्याच्या मापाच्या साच्यावर कमावलेलं कातडं चढवायचं, असं हे काम.

अडचण वेळेची आहे. मराठवाड्याच्या उन्हात कातडं काही तासांत सडायला लागतं. केसांची मुळं सैल होतात, हात फिरवला की झुबके निघतात. एकदा केस सुटले की मोठ्यातला मोठा कारागीरही हात टेकतो. आणि बोरिवली इथून पाचशे किलोमीटरच्या पुढे!

उपाय मात्र किराणा दुकानातला आहे: मीठ. कातडं लगेच उतरवायचं, मांस-चरबी खरवडायची आणि आतल्या बाजूला भरपूर मीठ चोळायचं. कान, ओठ, पापण्या यांच्या घड्या सुटता कामा नयेत. मग पाणी निथळेल असं उतारावर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी ओलं मीठ झटकून नवं लावायचं. वाळवायचं ते सावलीत. उन्हात कातडं कडक होऊन बिघडतं. लगेच मीठ लावणं जमणार नसेल, तर पिशवीत गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये.

हे वाचून कुणी स्वतःच सुरी उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मेलेलं काळवीटही सरकारची मालमत्ता असतं. पूजेला मृगाजिन हवं, ही सबबसुद्धा चालत नाही. आपलं काम एवढंच: वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करायचा.

पण फोन लागल्यावर पलीकडे तयारी हवी ना? प्रत्येक वनपरिक्षेत्र कार्यालयात एक प्रशिक्षित माणूस, मिठाचं पोतं, एक फ्रीझर आणि प्रत्येक कातड्याला क्रमांक देणारी नोंदवही असावी. नोंद चोख असेल तर चोरीची भीतीही उरत नाही. खर्च फार नाही. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ही मागणी लावून धरायला हवी. चित्रातलं काळवीट रंगवून मार्क मिळतील. त्याच्या केसांचा पोत, कानाचा आकार समजायला खरं कातडंच समोर लागतं.