संगणकशास्त्र बीएच्या वर्गातही हवे

दर वर्षी जून-जुलैमध्ये आपल्या वस्त्यांमध्ये एकच चित्र दिसते. बारावी झालेली मुलेमुली जवळच्या कला महाविद्यालयात नाव घालतात. राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मराठी, कुठे पाली. त्यातल्या एखादीने "सर, कॉम्प्युटर घेता येईल का?" असे विचारलेच, तर उत्तर ठरलेले असते: "ते सायन्सवाल्यांचे." हे उत्तर आता नियमालाही धरून नाही, आणि ते ऐकून परत फिरणे आपल्या समाजाला परवडणारेही नाही.

आधी नियम पाहू. नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राज्यात २०२३-२४ पासून विद्यापीठे व स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाले. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने पदवीचा जो आराखडा दिला, त्यात 'ओपन इलेक्टिव्ह' नावाचा भाग आहे. तो विषय विद्यार्थ्याने आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरून घ्यायचा आहे. म्हणजे बीएच्या मुलीने संगणकशास्त्र मागणे ही मेहेरबानीची याचना नाही. या धोरणावर आमचे अनेक आक्षेप आहेत आणि ते कायम आहेत. पण त्यात जी फट उघडी आहे, तिच्यातून आपली मुले आत गेली पाहिजेत.

कारण बाकीची दारे महाग आहेत. अनेक महाविद्यालयांत बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स हे अभ्यासक्रम विनाअनुदानित तत्त्वावर चालतात. शुल्क बीएच्या कितीतरी पट. त्यात २०२४-२५ पासून बीसीए अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेले आणि राज्यात त्यासाठी सीईटी आली. अभियांत्रिकीची वाट तर बारावीच्या गणितापाशीच अडते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील ग्रामीण भागात संगणक असलेली घरे होती ४.४ टक्के, शहरी भागात २३.४ टक्के. संगणकाशी पहिली भेट कॉलेजातच होणार असेल, तर ती विज्ञान शाखेपुरती राखून ठेवणे म्हणजे बहुसंख्यांना बाहेर ठेवणे होय.

प्रश्न फक्त नोकरीचा नाही. २०२७ ची जनगणना डिजिटल आहे. मोबाइल अ‍ॅपवर नोंदी होणार आहेत आणि जातीची गणनाही होणार आहे. २०११ मध्ये महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक लोकांनी धर्म बौद्ध नोंदवला. अनुसूचित जातीच्या सवलती बौद्धांना केंद्रात मिळाव्यात यासाठी १९९० मध्ये कायदा बदलावा लागला, आणि त्यामागे अनेक वर्षांची मागणी होती. आता तो कायदा रोजच्या व्यवहारात कुठे राहतो? अर्जाच्या रकान्यात. धर्म 'बौद्ध' निवडल्यावर पुढच्या रकान्यात अनुसूचित जातीची यादी उघडली पाहिजे, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला माहीत असावे लागते. ज्याला हा इतिहास ठाऊक नाही, त्याच्या हातून एक ओळ चुकली तर कुणाचाही वाईट हेतू नसताना हक्क अडकतो. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरताना रात्र जागवलेल्या कोणाही विद्यार्थ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

हे फक्त आपल्याकडचे दुखणे नाही. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्यातील गैरव्यवहार शोधण्यासाठी करखात्याने जोखीम मोजणारी संगणकप्रणाली वापरली. नागरिकत्व डच नसणे हाही तिच्यात जोखमीचा एक निकष होता. हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा ठपका बसला, ती कर्जात बुडाली. जानेवारी २०२१ मध्ये या प्रकरणावरून तिथल्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. ती प्रणाली उभी करणाऱ्यांना कोडिंग येत नव्हते असे नाही. आपण कोणता निकष लावतो आहोत आणि तो कोणाच्या मुळावर येईल, हे विचारणारे त्या टेबलाशी नव्हते, किंवा असलेच तर त्यांचे ऐकले गेले नाही. समाज वाचता येणाऱ्याला कोडही वाचता आले पाहिजे, ते यासाठी.

इथे एक गल्लत टाळू. संगणकशास्त्र म्हणजे टायपिंग, एक्सेल किंवा एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र नव्हे. ते उपयोगी आहे, पण तिथे आपण दुसऱ्याने बनवलेले साधन वापरायला शिकतो. संगणकशास्त्रात प्रश्नाचे तुकडे कसे करायचे, अट कशी मांडायची, माहिती कशी साठवायची आणि उत्तर चुकले तर चूक कशी शोधायची, हे शिकतो. प्रतीत्यसमुत्पाद अभ्यासलेल्या पालीच्या विद्यार्थ्याला 'ही अट असेल तर हा परिणाम' ही मांडणी परकी वाटू नये. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने अख्खे पाली तिपिटक संगणकावर आणले, तेव्हा भाषेचे ज्ञान आणि संगणकाचे ज्ञान एकत्र यावेच लागले होते.

'आर्ट्सच्या मुलांना हे झेपणार नाही' असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतील लिबरल आर्ट्स कॉलेजांकडे पाहावे. तिथे साहित्य, तत्त्वज्ञान, गणित, विज्ञान एकाच छताखाली शिकतात. कॅलिफोर्नियातील हार्वे मड हे विज्ञान-अभियांत्रिकीवर भर देणारे, पण त्याच परंपरेतले कॉलेज. तिथे संगणकशास्त्र घेणाऱ्यांत मुली जेमतेम दहा टक्के होत्या. २००६ च्या सुमारास त्यांनी पहिला अभ्यासक्रम बदलला. जावाऐवजी पायथन ही सोपी भाषा घेतली. उदाहरणे निरनिराळ्या विषयांतली आणली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आधी कोडिंग केलेल्यांची आणि कधीच न केलेल्यांची तुकडी वेगळी केली. वर्गात सतत उत्तरे देऊन इतरांना दबवणाऱ्यांना शिक्षक बाजूला घेऊन समजावत. काही वर्षांतच मुलींचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास गेले. मुली त्याच होत्या, बुद्धी तीच होती. बदलले ते दार.

आपल्या दृष्टीने यातला धडा तुकड्यांचा आहे. घरी लॅपटॉप असलेला आणि पहिल्यांदा कीबोर्डला हात लावणारा एकाच बाकावर बसवला, तर दुसरा आठवड्याभरात स्वतःला 'ढ' समजू लागतो. मागे पडण्याचे कारण संधीत असते, पण तो ते स्वतःच्या डोक्यात शोधतो. ही भावना आपल्या पिढ्यांच्या ओळखीची आहे.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते कला आणि विज्ञान दोन्हींचे. कोलंबियात त्यांनी स्वतः अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र अभ्यासले. ज्ञानाच्या भिंती त्यांनी मानल्या नाहीत. मग आपण का मानाव्यात?

एका ओपन इलेक्टिव्हने कोणी सॉफ्टवेअर इंजिनिअर होणार नाही, हेही स्पष्ट सांगतो. पुढे जायचे तर गणित लागेल, मेहनत लागेल. 'आता एआयच कोड लिहिते, शिकायचे कशाला?' असेही विचारले जाते. एआयने लिहिलेले बरोबर की चूक, न्याय्य की अन्याय्य, हे तपासायला तरी माणूस लागतोच. तो आपला का नसावा?

म्हणून विद्यार्थी संघटनांपुढे आम्ही चार मागण्या ठेवतो. प्रत्येक अनुदानित कला महाविद्यालयात संगणकशास्त्राचा ओपन इलेक्टिव्ह असावा आणि त्यासाठी जादा शुल्क नसावे. नवशिक्यांची तुकडी स्वतंत्र असावी. शिकवणे मराठीतून व्हावे आणि सराव जनगणनेचे तक्ते, शिष्यवृत्तीचे नियम अशा ओळखीच्या सामग्रीवर व्हावा. हा विषय तासिका तत्त्वावर न ढकलता शिक्षकाचे पद भरावे.

तोवर थांबायचे कारण नाही. आपल्यातले अनेक जण पुण्या-मुंबईत, बंगळुरूत, परदेशात या क्षेत्रात काम करतात. विहारात रविवारी वंदना झाल्यावर दोन तास आणि चार जुने लॅपटॉप एवढ्यावर पहिला वर्ग सुरू होऊ शकतो. आणि पुढच्या जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीशी आपली मुलगी एकटी उभी राहणार नाही, शासन निर्णयाची प्रत घेऊन आपण तिच्यासोबत असू, एवढे तरी आताच ठरवू या.

जय भीम!