बॉम्बे हायच्या जोडांचा हिशेब

१ जूनला मासेमारी बंदी लागू झाली की मुंबईजवळच्या उत्तन, चौक, पाली या गावांत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. साधारण त्याच सुमारास, तिथून दीडेकशे किलोमीटर पश्चिमेला, बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या प्लॅटफॉर्मांखाली चालणारी पाणबुड्यांची तपासणीही जवळपास थांबते. होडीला पावसाळ्यात सुट्टी असते, प्लॅटफॉर्मला नसते. तो सप्टेंबरपर्यंत लाटा खात उभाच राहतो. ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या नौकेला तिथे १९७४ मध्ये तेल लागले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. सुरुवातीच्या प्लॅटफॉर्मांचे आयुष्य साधारण २५ वर्षे धरले होते, आणि ती मुदत उलटूनही त्यांतले कित्येक आज कामात आहेत. त्यात मुळात गैर काही नाही. जगभर असे आयुष्य वाढवून घेतात. पण हा निर्णय ज्या तपासणीवर उभा असतो, ती कुठे, किती वर्षांनी आणि कशाच्या आधारे होते हे किनाऱ्यावरच्या लोकांना कळायला हवे. कारण ‘तपासले, काही आढळले नाही’ हे वाक्य ऐकायला जेवढे भक्कम वाटते तेवढे ते नसते.

समुद्रातले पोलाद वादळाने मोडते, असा आपला समज. वादळाचा जोर मोजून तर बांधकाम केलेलेच असते. खरी झीज होते ती रोजच्या साध्या लाटांनी. सात सेकंदांना एक लाट धरली तरी वर्षाला पंचेचाळीस लाख होतात, आणि २५ वर्षांत अकरा कोटींच्या वर. प्रत्येक लाट प्लॅटफॉर्मच्या सांगाड्याला किंचित वाकवते आणि सोडते. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसाच हा धातूचा थकवा. अभियंते त्याला फटीग म्हणतात. तो सगळीकडे सारखा नसतो. तिरक्या नळ्या जिथे पायांना वेल्डिंगने जोडलेल्या असतात, त्या जोडाच्या कडेला ताण एकवटतो आणि तडा तिथेच धरतो. शिवाय हा हिशेब सरळ त्रैराशिकाचा नाही. वेल्डिंगच्या जोडात झीज साधारणपणे ताणाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ताण दहा टक्क्यांनी वाढला की झीज तेहतीस टक्क्यांनी वाढते. आपल्या उबदार समुद्रात नळ्यांवर कालवांचा आणि शिंपल्यांचा जाड थर चढतो. नळी फुगते, लाटेचा मार जास्त बसतो. कागदावरचे आयुष्य इथेच गुपचूप आटते.

आता तपासणीकडे या. पाणबुडा खाली जातो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जोड खरवडून लख्ख करतो, चुंबकीय भुकटी सोडतो, मग जंबुपार दिव्याखाली केसासारखी रेघ उजळते का ते पाहतो. हे सगळे प्रवाहात, गढूळ पाण्यात, मर्यादित वेळात. सगळे जोड असे पाहणे शक्यच नसते, म्हणून दुसरा उपाय: बंद नळीत पाणी शिरले आहे का, हे बाहेरूनच ओळखायचे. सोपा आणि स्वस्त. पण पाणी शिरले म्हणजे तडा आरपार गेलेला असतो, तेव्हा ही खबर उशिराचीच. समजा एखाद्या पद्धतीला एका विशिष्ट आकाराचा तडा दहापैकी सात वेळा सापडतो. एका तपासणीत तो निसटण्याची शक्यता तीस टक्के उरते, दोन स्वतंत्र तपासण्यांत नऊ टक्के. म्हणून दोन तपासण्यांमधले अंतर कॅलेंडर पाहून ठरवायचे नसते. तडा दिसण्याजोगा झाल्यापासून धोक्याचा होईपर्यंतचा काळ काढायचा आणि त्यात किमान दोनदा नजर जाईल असे बघायचे. पण नजर कुठे टाकायची? २७ मार्च १९८० रोजी नॉर्वेच्या समुद्रात ‘अलेक्झांडर कीलँड’ ही कामगारांच्या निवासाची तरंगती रचना उलटली, १२३ माणसे गेली. तडा सुरू झाला होता तो एका ध्वनियंत्राच्या आधारासाठी केलेल्या जेमतेम ६ मिलिमीटरच्या वेल्डपाशी. तड्याच्या आत रंगाचे अंश सापडले, म्हणजे तो बांधणीच्या वेळीच तिथे होता. मुख्य सांगाड्याच्या तुलनेत क्षुल्लक अशा जागी कुणी कशाला पाहील?

यावर जाणकारांचे उत्तर ठरलेले आहे: ती रचना तरंगती होती, आपले प्लॅटफॉर्म तळाला खिळलेले आहेत, एक तिरकी नळी गेली तरी भार दुसऱ्या नळ्या उचलतात. बरोबर आहे. पण ही शिल्लक ताकद दुसरीकडेही खर्च होत असते. २७ जुलै २००५ ला एक जहाज बॉम्बे हाय नॉर्थच्या नळीवर आदळले, आग लागली, अख्खा प्लॅटफॉर्म गेला, २२ जणांचा जीव गेला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात नांगर तुटलेला पी-३०५ बार्ज बुडण्यापूर्वी एका प्लॅटफॉर्मवर आदळला. या दोन्ही घटनांत तड्याचा संबंध नाही, हे मुद्दाम सांगतो. मात्र बोटीच्या धक्क्याने पोचा पडलेल्या नळीशेजारच्या जोडाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, आणि तो मांडला का, हे बाहेरच्या कुणालाच समजत नाही. दुसरा आक्षेप सुरक्षेचा: अशी माहिती शत्रूच्या हाती पडेल. नकाशे आणि जोडांची ठिकाणे खुशाल गुप्त ठेवा. किती प्लॅटफॉर्म ठरलेले आयुष्य ओलांडून गेले, त्यांतल्या कितींचा हिशेब नव्याने झाला, ठरलेल्या तपासण्यांपैकी किती पुढे ढकलल्या, एवढे आकडे सांगितल्याने कोणते गुपित फुटते?

२००८ च्या समुद्री सुरक्षा नियमांनुसार देखरेखीचे काम तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे आहे. म्हणजे वही आहे, ती ठेवणाराही आहे. फक्त पाने बंद आहेत. मे १९९३ मध्ये बॉम्बे हायहून उरणला येणारी तेलवाहिनी फुटली, तेव्हा तेल समुद्रात गेले आणि त्याची झळ मच्छीमारांना बसली. ज्यांचे जाळे त्याच पाण्यात पडते त्यांना वर्षातून एकदा दोन पानांचा गोषवारा मराठीत मिळावा, ही काही फार मोठी मागणी नव्हे. पुढे ढकललेल्या तपासण्यांचा आकडा त्यात सर्वांत वर असावा, आणि गोषवारा ऑक्टोबरमध्ये, पाणबुडे पुन्हा खाली उतरण्याआधी, यावा. म्हणजे येत्या हंगामात आधी कुठे उतरणार, हे तरी विचारता येईल.