चित्रातला हायड्रोजन ट्रॅक्टर आणि मे महिन्यातलं रान



हायड्रोजनवर चालणाऱ्या ट्रॅक्टरची चित्रं सध्या मोबाईलवर फिरतायत. केबिन नाही, स्टिअरिंग नाही, नुसत्या निळ्या लाईटी. लोक म्हणतात, डिझेलचे दिवस संपले. मी म्हणतो, हे चित्र काढणाऱ्याने रान बघितलेलं नाही.

पहिली गोष्ट, कल्पना नवी नाही. १९५९ साली अमेरिकेत ॲलिस-चाल्मर्स कंपनीने १००८ फ्युएल सेल बसवून २० एचपीचा ट्रॅक्टर चालवला, लसूणघासाचं रान नांगरून दाखवलं. आज तो संग्रहालयात आहे. २००९ ला न्यू हॉलंडने पॅरिसच्या प्रदर्शनात १०६ एचपीचा हायड्रोजन ट्रॅक्टर मांडला. त्याच कंपनीने पुढे विक्रीला काढला तो मात्र मिथेनवर चालणारा.

आता अडचणी बघा.

उष्णता. डिझेल इंजिनाची बरीच उष्णता धुराबरोबर सायलेन्सरमधून जाते. फ्युएल सेलमधून धूर नाही, पाणी निघतं. म्हणून उष्णता जवळजवळ सगळी रेडिएटरनेच काढायची. सेल चालतो ८० अंशांच्या आसपास आणि मे महिन्यात बाहेर ४२. फरक थोडा, म्हणजे रेडिएटर मोठा पाहिजे. वर भुसा आणि फुफाटा जाळी तुंबवणार. चित्रातल्या त्या निमुळत्या बोनेटमध्ये तो बसवणार कुठं?

हवा. सेल बाहेरची हवा ओढतो आणि अमोनिया त्याला मारक. उकिरडा, पोल्ट्री, युरिया टाकलेलं रान, सगळीकडे आपल्याकडं तेच. नुसता धुळीचा फिल्टर पुरत नाही.

टाकी. १ किलो हायड्रोजन ३५० बार दाबाने भरला तरी ४० लिटर जागा खातो. जर्मनीत फेंटने टाक्या टपावर ठेवल्या. तिथल्या मोकळ्या रानात चालतं. द्राक्षाच्या मांडवाखालून नेऊन दाखवा राव!

वीज. पाण्यापासून १ किलो हायड्रोजन करायला ५० ते ५५ युनिट लागतात. तेवढ्यात ५ एचपीची मोटर बारा-तेरा तास चालते. त्यातले ट्रॅक्टरला मिळतात १६ च्या आसपास. तीच वीज बॅटरीत भरली तर यापेक्षा दुपटीहून जास्त कामी येते. मग १८-२० एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरला हायड्रोजन कशाला? दिवसभर न थांबता चालणाऱ्या ऊसतोडणी यंत्रासारख्या मोठ्या मशीनला तो शोभेल, हे मला मान्य आहे. तिथं बॅटरीचं वजन आणि चार्जिंगचा वेळ परवडत नाही.

आणि हिरवा हायड्रोजन तयार होईल तो आधी खत कारखान्यात जाऊ द्या. युरियासाठी लागणारा अमोनिया हायड्रोजनपासूनच होतो आणि तो हायड्रोजन आज मुख्यतः नैसर्गिक वायूतून काढतात. शेतीला तो तिथं आधी उपयोगी पडेल.

डिझाइन करणाऱ्या पोरांना एवढंच सांगणं आहे: लाईटी शेवटी काढा. आधी रेडिएटर, मग फिल्टर, मग टाकीची जागा. आणि गावातला मिस्त्री ३५० बारच्या नळीला हात लावेल का, ते त्यालाच विचारा.

तुमच्या पिकात किती उंचीचा, किती रुंदीचा ट्रॅक्टर शिरतो? मापासकट खाली लिहा. चित्र काढणाऱ्यांना तीच मापं पाहिजेत.