अळंबी पिकवायची नाही, पण कारण खरं सांगूया



पाऊस स्थिरावला की आमच्याकडे रस्त्याच्या कडेला बायका पानांत गुंडाळलेली रानातली अळंबी घेऊन बसतात. वारुळांच्या जागी उगवणारी ही अळंबी काही दिवसांचीच. मालवणी माणूस तिच्यासाठी वर्षभर वाट बघतो. आपण तिथून पुढे जातो, त्यात नवीन काही नाही. आता अळंबी रानातून घरात आली आहे. बचत गटांत ‘धिंगरी’चं प्रशिक्षण होतं, मोबाइलवर व्हिडिओ फिरतात, आणि आपल्याही लेकी-सुना विचारू लागल्या आहेत, “खायची नसेल तर नको, पण पिकवून विकायला काय हरकत?”

आमच्या गटातही हा विषय निघाला. आमचा मागचा मांगर रिकामा, सावलीचा. तिथे पिशव्या टांगायच्या असं ठरत होतं. मी नाही म्हटल्यावर एक ताई म्हणाली, “तुका खावक कोण सांगता गो? नुसता वाढवन विकूचा आसा.” तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नवरा गेलेला, दोन मुलं शिकताहेत, भाताच्या चार वाफ्यांवर घर चालत नाही. तिला उत्तर द्यायचं तर नीट विचार करूनच द्यायला हवं.

आपल्याकडे अळंबीला नकार देताना जी कारणं सांगतात, त्यातली बरीच आता टिकत नाहीत. “ती उकिरड्यावर उगवते.” धिंगरी तशी उगवत नाही. भाताचा पेंढा कापून रात्रभर भिजवतात, मग गरम पाण्यात तासभर ठेवून निर्जंतुक करतात. निथळला की प्लास्टिकच्या पिशवीत पेंढ्याचा थर, त्यावर गहू किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेलं बियाणं, असे थर भरतात. पंधरा-वीस दिवस अंधाऱ्या जागी ठेवलं की पेंढा पांढऱ्या जाळ्याने भरतो. मग पिशवी फाडायची, दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारायचं, खोलीत ओल ऐंशी-नव्वद टक्के राखायची. काही दिवसांत शिंपल्यासारखे झुपके बाहेर येतात. कोकणातली हवा याला मानवते. हे सगळं स्वच्छतेने होतं.

“ती विषारी असते” हेही धिंगरीला लागू नाही. रानातली ओळख न पटलेली छत्री जिवावर बेतू शकते, पण खात्रीच्या बियाण्याची धिंगरी लोक जगभर खातात. मुलीला आपण खोटं कारण सांगितलं आणि तिने ते पुस्तकात तपासलं, तर अळंबीबरोबर आपला बाकीचा शब्दही ती खोटा धरेल. म्हणून ही कारणं सोडून देऊया.

दुसऱ्या बाजूनेही गैरसमज आहेत. “शाकाहारी बायकांना बी-१२ आणि प्रोटीन हवं, तर मशरूमशिवाय पर्याय नाही” असे निरोप आपल्याच गटांत फिरतात. बी-१२ साठी धिंगरीवर विसंबता येत नाही. कमी असेल तर डॉक्टरांना दाखवून औषध घ्यावं. प्रोटीनचं म्हणाल तर ताज्या धिंगरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, शंभर ग्रॅममध्ये प्रोटीन जेमतेम तीन ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या कुळथात किंवा मुगात वीस ग्रॅमच्या वर असतं. डाळ शिजल्यावर पाणी धरते हे मान्य, तरी वाटीभर कुळथाची पिठी कमी पडत नाही. मालवणात राहून प्रोटीनसाठी मशरूम शोधायची गरज कुणालाच नाही.

मग आपलं खरं कारण काय? श्वेतांबर परंपरेत बत्तीस अनंतकायांत भूमिफोडाचं नाव घेतात. दिगंबर घरांतही छत्री अभक्ष्यच. एका देहात अनंत जीव, म्हणून तिचा त्याग. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त मुळा, ओलं आलं, लोणी यांचा त्याग सांगताना जो विचार मांडला, तो मला इथेही पटतो. लाभ थोडा आणि घात मोठा असेल, तर ते सोडावं.

धिंगरीच्या बाबतीत हा घात विज्ञानातही दिसतो. लाकडात नायट्रोजन कमी, म्हणून धिंगरी आपल्या तंतूंवरच्या विषाने बारीक सूत्रकृमींना लुळं करते आणि त्यांच्या शरीरातून अन्न घेते. १९८४ साली शास्त्रज्ञांनी हे प्रसिद्ध केलं. ती झाडासारखी उन्हावर जगत नाही. दुसऱ्याच्या शरीरावर जगते.

पिकवणारीच्या हातूनही हिंसा होते. पिशव्यांना बारीक माश्या लागतात, त्यांच्या अळ्या पीक खातात. मग चिकट सापळे लावायचे, फवारणी करायची. पेंढा गरम पाण्याऐवजी औषधात बुडवायचा तर बुरशीनाशक आणि फॉर्मलिन वापरतात. खात नाही म्हणून यातून आपण सुटत नाही. कृत, कारित आणि अनुमोदना या तिन्हींचा विचार आपल्याला शिकवलेला आहे.

यावर माझ्या लेकीने चांगला प्रश्न केला. “भातशेतीत किडे मरत नाहीत का? काजूवर फवारणी होत नाही का?” होते. गृहस्थाला आरंभी आणि उद्योगी हिंसा पूर्ण टळत नाही, हे शास्त्रही मान्य करतं. म्हणून तर मर्यादा सांगितली आहे. भाताशिवाय घर चालत नाही, धिंगरीशिवाय चालतं. जे टाळता येतं ते टाळायचं, एवढाच आपला नियम आहे.

पण हा नियम माझा आहे, माझ्या शेजारणीचा नाही. तिने व्रत घेतलेलं नाही. तिच्या घरात येणारा पैसा कष्टाचा आहे. “शी, अळंबी!” असं तिच्या तोंडावर म्हणणारी बाई कोणतं पुण्य जोडते? वाणीची हिंसा हीही हिंसाच. मी गट सोडला नाही. मांगर दिला नाही आणि त्या नफ्यातला वाटाही घेतला नाही. त्या ताईला एक गोष्ट मात्र आवर्जून सांगितली: झुपके पूर्ण उमलायच्या आधी काढ आणि खोलीत शिरताना तोंडाला मास्क बांध. त्याचे बीजाणू छातीत गेले की काहींना खोकला आणि दमा होतो.

नुसतं नको म्हणणं पुरेसं नाही, काय करायचं हेही आपण दाखवायला हवं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला आणि वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे. आमसूल, आगळ, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ, उन्हाळ्यातले पापड: सूर्यास्तापूर्वीच्या स्वयंपाकाची, गाळलेल्या पाण्याची आणि निवडून-पाखडून घेतलेल्या धान्याची सवय असलेल्या बायकांनी हे केलं तर माल स्वच्छच होईल. आमच्या गटात आता कोकमाचं काम माझ्याकडे आहे. फळ फोडताना प्रत्येक फळ उघडून किडकं बाजूला काढते. वेळ लागतो, पण सोलं चांगली होतात.

तुमच्या घरी हा प्रश्न आला तर लेकीला गप्प करू नका. खरं कारण सांगा. तिला पटलं तर ती स्वतः त्याग करेल. नाही पटलं, तर चर्चा चालू राहील. भीती घालून सोडवलेली गोष्ट होस्टेलच्या पहिल्या महिन्यात परत येते.

जय जिनेंद्र.