शांतता राखावी की शांती वाटावी?

सणवार जवळ आले की आपल्याकडे शांतता समितीची बैठक भरते. फौजदारसाहेब येतात, वडीलधारी मंडळी खुर्च्यांवर बसतात, चहा होतो आणि 'सर्वांनी शांतता राखावी' असे आवाहन होऊन बैठक संपते. हे वाईट आहे असे कोण म्हणेल? डोकी फुटण्यापेक्षा चहा केव्हाही बरा. परंतु 'राखणे' हा शब्द मला खटकतो. राखण करायची ती उभ्या पिकाची. शांतता राखली म्हणजे भांडण झाले नाही एवढेच. माणसे एकमेकांच्या जवळ आली असा त्याचा अर्थ होत नाही. शांतता बंदोबस्तानेही राखता येते. शांती मात्र कुणीतरी पुढे होऊन द्यावी लागते.

हा फरक मला ख्रिस्ती धर्माच्या आचारात सर्वांत स्वच्छ दिसला. मी ख्रिस्ती नाही. येडशीच्या शेतकरी घरातली, श्रावणी सोमवारी रामलिंगाला जाणारी आणि कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. मग हा विषय मी कशाला घ्यावा, असे कोणी विचारील. चांगली गोष्ट शेजारच्या घरात दिसली तर तिला चांगली म्हणू नये, असा नियम मला तरी ठाऊक नाही.

या विषयाकडे माझे लक्ष गेले ते आपल्याच जिल्ह्यातील एका घटनेमुळे. जानेवारी 2020 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात, 93 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष होण्याची ही संमेलनाच्या इतिहासातील पहिलीच वेळ. त्यांच्या निवडीला विरोध झाला, साहित्य महामंडळाला धमकीचे फोन आले, संमेलनाला पोलीस बंदोबस्त लागला. मी तेव्हा शाळेत होते. 'मराठीच्या संमेलनात पाद्री कशाला?' हा प्रश्न आमच्या स्टँडवरच्या हॉटेलातही चघळला जात होता. विचारणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्यांचे एखादे पान वाचले होते, देव जाणे. या माणसाने वर्षानुवर्षे 'सुवार्ता' मासिक चालवले, बायबल सोप्या मराठीत आणले आणि त्या 'सुबोध बायबल'ला 2013 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. प्रकृती साथ देत नसतानाही ते आले आणि हिंसेविरुद्ध बोलले. 25 जुलै 2024 रोजी ते वारले. ज्या गावातून त्यांना 'येऊ नका' असे म्हणणारे आवाज निघाले, त्याच गावात येऊन ते सलोख्याचे बोलले. शांती देणे म्हणजे काय, याचा याहून जवळचा दाखला आपल्याला कुठे मिळणार?

पुढे एकदा सोलापूरला मावशीकडे गेले असता शेजारच्या कुटुंबाबरोबर मी रविवारच्या उपासनेला गेले. कॅथलिक उपासनेत पवित्र भाकर घेण्याआधी एक छोटासा विधी असतो. प्रत्येकजण आपल्या शेजारी असलेल्या माणसाकडे वळतो आणि त्याला शांती देतो. पाश्चात्य देशांत यासाठी हात मिळवतात. भारतात मात्र 1969 पासून हात जोडून नमस्कार करण्याची रीतही मान्य झाली आहे. माझ्या शेजारची म्हातारी माझ्या ओळखीची ना पाळखीची. तिने माझ्याकडे वळून हात जोडले, शांतीचे दोन शब्द उच्चारले आणि मगच ती भाकर घ्यायला पुढे गेली. क्रम लक्षात घ्या. आधी शेजारी, मग प्रसाद. आपण देवळात जातो, डोळे मिटतो आणि 'देवा, मला शांती दे' म्हणतो. शेजारी कोण उभे आहे हे आपल्याला दिसतही नाही.

हा क्रम कुणा धर्मगुरूच्या लहरीतून आलेला नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने सांगितले आहे की वेदीपाशी दान घेऊन गेलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असे तिथे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. यातली मेख फार खोल आहे. रागावलेला तो आहे आणि जायचे मात्र आपण! चूक कुणाची याचा पंचनामा आधी करा, असे येशू म्हणत नाही. जो देवासमोर उभा आहे त्याने आधी निघावे, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

येथे एक आक्षेप येईल. शांती वाटण्याच्या नावाखाली हे धर्म वाटणे नव्हे काय? आक्षेप टाळण्यासारखा नाही. भुकेल्याला भाकर देताना त्याच्याकडून धर्म मागितला गेला, तर ती शांती नव्हे, सौदा झाला. परंतु याचे उत्तरही त्याच शुभवर्तमानात आहे. शिष्यांना गावोगाव पाठवताना येशू सांगतो की घरात शिराल तेव्हा शांती द्या. त्या घराने ती घेतली नाही, तर ती तुमच्याकडे परत येईल. म्हणजे देणाऱ्याचा अधिकार उंबऱ्यापर्यंतच. घेणे न घेणे घरधन्याच्या हाती. जबरदस्तीला तिथे जागाच नाही.

असे देणे प्रत्यक्षात कसे दिसते? आपल्या जिल्ह्यातले भूम सोडून खर्ड्यावरून पुढे गेले की जामखेड लागते. तिथे 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य आले. वेल्लोरला शिकलेल्या या डॉक्टरांना मोठ्या शहरात काय कमी होते? त्यांनी खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर असलेल्या बायकांना आरोग्यसेविका केले. निरनिराळ्या जातींच्या त्या बायका एकत्र बसल्या, एकत्र जेवल्या, एकत्र शिकल्या. काही गावांत हातपंपाची जागा दलित वस्तीत निघाली आणि सगळ्या गावाची घागर तिकडे वळली. 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे उपचाराच्या बदल्यात कुणी धर्म विचारला नाही. शांतीवर भाषणे देण्यापेक्षा एका पंपावर दोन वस्त्यांना उभे करणे अवघड, आणि तेच खरे.

आता आपल्या घरात डोकावू. आमच्या भावकीत एका बांधावरून दोन घरांचे बोलणे बंद आहे. कोर्टात तारखा पडतात. विहीर एकच असल्याने पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या आहेत आणि त्या बिनतक्रार चालतात. म्हणजे शांतता उत्तम राखली गेली आहे! माझी आजी रोज सांजवात लावून मनाला शांती मागते. भिंतीपलीकडची आजीही तेच मागत असणार. दोघी एकाच देवाकडे मागतात आणि देण्यासारखी शांती दोघींच्याच हातात आहे. पहिले पाऊल कोणी टाकायचे, एवढ्यावर सगळे अडले आहे. अशा भिंती प्रत्येक गावात, प्रत्येक आळीत आहेत.

यासाठी कुणी धर्म बदलण्याची गरज नाही. अनेक मराठी ख्रिस्ती घरांत 'सलाम' म्हणून अभिवादन करतात, आपले मुसलमान बांधवही तोच शब्द वापरतात, आणि त्या शब्दाचा अर्थ शांती असाच आहे. आपणही मंत्राच्या शेवटी तीनदा शांती म्हणतो. रामलिंगाच्या डोंगरात तर रामाने जमिनीत बाण मारून मरणोन्मुख जटायूला पाणी पाजले असे आमच्याकडे सांगतात. शब्द सर्वांजवळ आहेत. कमी आहे ती भिंत ओलांडून जाणाऱ्या पावलांची. मित्रमैत्रिणींनो, आपण शिकलेली पिढी म्हणवून घेतो. घरातल्या मोठ्यांना जमले नाही ते पहिले पाऊल टाकण्याचे काम आपल्याकडे आले आहे. निकाल लागेपर्यंत थांबलो, तर बांध मिळेल. भाऊ मिळणार नाही.

— बी. ए. द्वितीय वर्ष