विमान पोहोचते, शरीर मागे राहते

उन्हाळ्याची सुटी लागली की मुंबई-पुण्याच्या पर्यटकांचे जथे लडाखकडे निघतात. दिल्लीहून सुटलेले विमान दीड तासात लेहला उतरते. सुमारे २०० मीटर उंचीवरून थेट ३,५०० मीटरवर! त्यातच सहलीच्या कार्यक्रमात पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी ५,३५९ मीटरवरील खारदुंग ला खिंड असते.

उंचीवर प्राणवायू ‘कमी’ असतो, हे अर्धसत्य आहे. हवेतील त्याचे प्रमाण तेथेही २१ टक्केच असते. घटतो तो हवेचा दाब. लेहला तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोनतृतीयांश, तर साडेपाच हजार मीटरवर निम्माच भरतो. रक्ताला प्राणवायू अपुरा पडताच श्वास व नाडी जलद होतात. मात्र जलद श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर पडून रक्ताची आम्लता घटते आणि शरीर श्वासाला पुन्हा लगाम घालते, विशेषतः झोपेत. मूत्रपिंडे बायकार्बोनेट बाहेर टाकून हा तोल सावरतात, पण त्यास काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढण्यास तर काही आठवडे.

कमावलेले शरीर येथे कामी येत नाही. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात सपाटीवरील जवान घाईने हिमालयात पाठवावे लागले. पुढे इंदरसिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा आजारी पडलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. ही सारी धडधाकट माणसे होती.

डोकेदुखी आणि मळमळ ही पहिली सूचना. तिच्याकडे दुर्लक्ष करून वर चढत राहिल्यास फुप्फुसात पाणी साचू शकते किंवा मेंदूला सूज येऊ शकते. दोन्ही प्राणघातक. प्राणवायूचे नळकांडे वेळ मिळवून देते. खरा उपाय रुग्णाला तातडीने खाली आणणे हाच. म्हणूनच लेहमध्ये उतरल्यावर किमान ४८ तास विश्रांतीचा सल्ला दिला जातो. पण ‘काही न पाहता’ गेलेले हे दोन दिवस म्हणजे हॉटेलचा वाढीव खर्च. स्वस्त सहलीत पहिली कात्री यांनाच लागते, आणि पैसे वाचल्याच्या आनंदात पर्यटकही त्याबद्दल विचारत नाहीत.

रस्त्याने गेल्यास धोका टळतो, हा समजही सरसकट खरा नाही. श्रीनगरमार्गे कारगिलला, म्हणजे सुमारे २,७०० मीटरवर, मुक्काम घडतो आणि शरीराला उसंत मिळते. मनालीमार्गे मात्र अनेकांची पहिलीच रात्र जवळपास ४,३०० मीटरवरील सरचूच्या तंबूत जाते. म्हणजे लेहपेक्षाही वर.